सातव्या पंचाचा विडा

समाजसेवा कोणी करूच नये असं माझं म्हणणं नाही. ज्याचं पोट मजबूत आहे, ज्याला एकाच दुपारी दोन घरी पंगतीला बसता येतं आणि ज्याची बायको तोंडाला पदर लावून हसत नाही, त्यानं ती खुशाल करावी. माझ्याकडे यातलं एकही नव्हतं. तरीसुद्धा मी ‘गरीब गृह सहकारी मंडळी, अमरावती’ या संस्थेचा बिनपगारी चिटणीस झालो, आणि त्या हिवाळ्यात एका माणसाच्या शोधात माझी जी दैना झाली ती वैऱ्याचीही होऊ नये.

माणूस म्हणजे काही जावई शोधायचा नव्हता. आम्हाला फक्त एक पंच हवा होता. मी धरून सहा होते, सातवा पाहिजे होता. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो, पूर्णा कुठून निघते आणि कुठं जाते हे मला झोपेतही सांगता येतं. म्हटलं, अख्ख्या वऱ्हाडात एक पंच सापडायला असा कितीसा वेळ लागणार.

मंडळीनं बडनेरा रस्त्याला, एका कापसाच्या जिनाच्या बाजूला, बारा खोल्यांची चाळ बांधली होती. जिनात राबणाऱ्या बाया, हमाल, गाडीवान यांची तट्ट्याच्या झोपड्यांची वस्ती तिथंच मागं पसरलेली. त्यातल्या बारा कुटुंबांना माफक भाड्यात पक्की खोली द्यायची, असा आमचा संकल्प. खोल्या झाल्या, चुना मारून झाला. आमचे एक पंच बद्रुद्दीन शेठ यांची लाकडाची वखार आहे, त्यांनी दारं दिली. दारांना कुलपं लागली आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या कपाटात येऊन पडला. तो तिथंच पडून राहिला, कारण खोल्यांचं वाटप सात पंचांनी एकत्र बसून केलं तरच ते खरं, असं मंडळीचं कलम होतं.

हे कलम, आणि मंडळीची बाकीची सगळी अवघड कलमं, आमचे अध्यक्ष नत्थुजी यांची. नत्थुजी कापसाचे अडत्ये. माणूस देवमाणूस, पण रीत म्हटली की कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की सहा पंच अमरावतीचे, म्हणजे प्रत्येकाचा कोणीतरी भाचा-पुतण्या खोलीसाठी दारात उभा राहणार. तेव्हा सातवा असा पाहिजे की ज्याचं अमरावतीत घरच नाही, म्हणजे त्याला कोणाची भीड नाही. शिवाय पंच नेमायचा तो कागदावर सही घेऊन नव्हे. भरल्या बैठकीत तबकातला विडा जो उचलून खाईल तो पंच, ही वाडवडिलांची रीत. “सही केलेला मानूस उद्या नाही म्हनू शकते,” नत्थुजी म्हणाले होते, “खाल्लेला विडा नाही म्हनता येते काय?” यावर आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवशी एकानं जरी मान जागेवर ठेवली असती तरी माझे पुढचे हाल वाचले असते.

पहिले सातवे अकोल्याचे एक सद्गृहस्थ होते. त्यांनी वर्षभर इमानानं काम केलं आणि मग त्यांना अमरावतीची हवा इतकी मानवली की त्यांनी कॅम्पात बंगला बांधला. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. जिलबी मी मागून मागून घेतली. ती जिरायच्या आत नत्थुजींच्या ध्यानात आलं की आपला सातवा गेला. सद्गृहस्थांनी पुष्कळ वाद घातला. आधी म्हणाले, बंगला बायकोच्या नावावर आहे. मग म्हणाले, अजून दारं बसायची आहेत, त्याला घर कसं म्हणता. शेवटी आम्ही नागपूरला सहकार खात्याला विचारलं. एरवी खातं आमच्या पत्रांना उत्तर देण्याची घाई करत नसे, पण यावेळी टपालानं लगोलग निकाल आला. ज्यास भिंती, छप्पर आणि कुलूप लागेल असे दार आहे ते घर. मालकीचे असो की भाड्याचे, नाव कोणाचेही असो. अमरावतीत असे घर ज्याच्या ताब्यात आले त्याचे सातवे पंचपद त्याच क्षणी संपले. आणि दारं तर तोवर बसलीही होती. ती बद्रुद्दीन शेठनीच विकली होती. त्यांना विचारलं तर म्हणाले, “मले काय मालूम मास्तर, गिऱ्हाईक आलं, मी दरवाजे देले.”

त्याच पत्राच्या तळाशी खात्यानं आणखी एक ओळ लिहिली होती: संक्रांतीपर्यंत सातवा पंच नेमला नाही, तर मंडळी बरखास्त आणि चाळ लिलावात.

त्या ओळीनं नत्थुजींची झोप गेली. माझी आधीच गेली होती, ती पार्बताबाईमुळे. पार्बताबाई जिनात कामाला जायची. मूळची अकोल्याकडची, नवरा शालिकराम त्याच जिनात हमाल, तो कधी बोलल्याचं कोणी ऐकलं नव्हतं, कारण घरातलं सगळं बोलणं पार्बताबाईनं आपल्याकडे घेतलं होतं. खोल्यांच्या यादीत तिचं नाव होतं. रोज सकाळी जिनाचा भोंगा व्हायच्या आधी ती अंबापेठेत माझ्या ओट्यावर येऊन बसे आणि भेटला का तुमचा माणूस म्हणून विचारी. मी नाही म्हणे. मग माझी बायको आशाबाई तिला चहा देई, त्यावर एक पान देई, कारण पार्बताबाईला पानावाचून चालत नसे, आणि मग दोघी मिळून माझ्याकडे बघत.

तिची लेक जयवंता मूर्तिजापूरला दिलेली. तिचे दिवस भरत आलेले, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण आईच्या घरी व्हायचं ही आपल्याकडची रीत, आणि सासरची माणसं दर आठवड्याला निरोप पाठवत, की लेकीला कधी नेता. पार्बताबाई काहीतरी सांगून वेळ मारून नेत होती.

“मास्तर, घर असन तं मी तिले बलावू,” एक दिवस ती मला म्हणाली. “माह्या दाराले पोतं बांधेल हाय. त्याच्यातून कुत्रं आत येते, थंडी तं विचारूच नका. तिथी मी बायतीन झोपवू काय? आन् नाई बलावली तं लोक मले माय म्हनतीन काय?”

मी कपाटाकडे बघितलं, आशाबाईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, कलम आहे. आशाबाई म्हणाली, त्या कलमाला म्हणा बाळंतीण होऊन दाखव. माझ्याच ओट्यावर माझ्याविरुद्ध दोघींची मंडळी स्थापन झाली होती, आणि तिचं सातव्या पंचावाचून काही अडत नव्हतं.

तेव्हा मी अकोल्याला जायचं ठरवलं. अकोल्यालाच का, तर पहिले सातवे तिकडचे होते म्हणून. नत्थुजींच्या मनानं घेतलं होतं की सातवा पंच अकोल्यातच पिकतो. नाव निघालं खुशालराव देशमुखांचं. शेती भरपूर, शब्दाला वजन, अमरावतीत घर नाही. हे आमच्या शेजाऱ्याला, निवृत्त पोस्टमास्तर सहदेवरावांना, मी सांगण्याआधीच कळलं होतं. सहदेवराव कुंपणावर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांनी मला सल्ला दिला. अकोल्यात हातात संत्र्यांची टोपली असल्याशिवाय पाय ठेवू नये. जेवण होईपर्यंत कामाचं एक अक्षर काढू नये, नाहीतर लोक म्हणतात अमरावतीचा माणूस भुकेल्या तोंडानं मागायला आला. वाढलेलं नको म्हणू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ज्याच्याकडे जाल त्याला सांगायचं, की तुमच्याशिवाय आम्ही कोणाला विचारलेलंच नाही. सहदेवराव आयुष्यात एकदाच अकोल्याला गेले होते, आणि तेव्हाही गाडी चुकल्यामुळे, हे मला फार नंतर कळलं.

टोपली घेऊन मी निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलताना टोपलीचं बूड सुटलं आणि संत्री फलाटभर पांगली. मी शिक्षक माणूस, उपरणं सावरत फलाटावर ओणवा होऊन संत्री गोळा करतोय, आणि डब्यातून माझाच एक विद्यार्थी मला नमस्कार करतोय. मी तो घेतला. दोन्ही हातांत संत्री होती, म्हणून नुसती मान हलवली.

खुशालरावांनी स्वागत उत्तम केलं. तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी, भाकर, वरण, त्यावर तुपाची धार, आणि नको म्हणायची सोय नाही. हात धुतल्यावर मी विषय काढला. खुशालराव लगेच हो म्हणाले नाहीत, लगेच हो म्हणणारा माणूस हलका समजतात. त्यांनी सुपारी कातरली, घराण्याचा इतिहास सांगितला आणि विचारलं, “माह्या आधी कोनाले विचारलं?” मी म्हणालो, कोणालाच नाही. “पाहू,” ते म्हणाले, “कळवतो तुमाले.” हे ठीकच झालं होतं. मी समाधानानं बाहेर पडलो.

समोरच्या ओट्यावर किसनराव बसले होते. किसनराव हे निवृत्त ओव्हरसीयर. त्यांचं आणि खुशालरावांचं वाकडं होतं. फार वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत वरणावरचं तूप आधी कोणाच्या पानात पडलं यावरून ते सुरू झालं, आणि ते तूप दोघांच्याही मनात अजून गोठलेलं होतं. संत्र्यांची टोपली समोरच्या घरात जाताना किसनरावांनी पाहिली होती. त्यांनी मला हाक मारली. बसा म्हणाले, जेवा म्हणाले. मी सांगितलं की आत्ताच उठलो. त्यावर ते नुसते म्हणाले, “हां, देशमुखाकडचं जेवन जाते पोटात, आमच्याकडचं जात नाही.” आता काय करणार. जेवलो. तिथं बेसनाच्या पातोडीचा रस्सा होता. तो असा तिखट होता की मी विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं देऊ लागलो. पंचाची जागा आहे हे त्यांना कळलं, आणि ती समोर देऊन आलो हेही कळलं. पण सहदेवरावांचा सल्ला डोक्यात पक्का होता, म्हणून घाम पुसत मी सांगून टाकलं की खरं म्हणजे आम्ही तुमच्याकडेच निघालो होतो, वाटेत खुशालराव लागले. किसनरावांनी मान हलवली आणि तेही म्हणाले, पाहू, कळवतो.

दोघांनीही कळवलं नाही. मी रोज टपालाची वाट पाहत होतो, पार्बताबाई माझी वाट पाहत होती. सहदेवराव कुंपणावरून म्हणाले, एकदा बोलावलं आणि आला तो माणूस कसला, दुसऱ्यांदा बोलवायला गेलं पाहिजे, आणि अध्यक्षांनी स्वतः. मार्गशीर्ष उलटून पौष लागला होता. जयवंताच्या सासूनं आता निरोपाच्या जागी टोमणा पाठवला, की तुमच्यानं जमत नसेल तर आम्ही इथंच उरकून घेऊ. तो सांगताना पार्बताबाईनं पहिल्यांदाच पान घेतलं नाही. आशाबाईनं ते तिच्यासमोरून उचललं आणि माझा अर्धा चहाही त्यासोबत आत नेला.

म्हणून मी आणि नत्थुजी, दोघं निघालो. दुसरी टोपली, सोबत नारळ. बडनेऱ्याला मी टोपली मांडीवरून खाली ठेवलीच नाही. अकोल्याला उतरल्यावर अडचण लक्षात आली. दोघंही आधी खुशालरावांकडे शिरलो तर किसनराव ओट्यावर बसलेलेच, आणि आधी किसनरावांकडे शिरलो तर खुशालराव खिडकीत. एकाकडून तर नकार येणारच, असा आमचा हिशेब. तेव्हा नत्थुजींनी नारळ घेऊन खुशालरावांकडे जावं, मी टोपली घेऊन त्याच वेळी किसनरावांकडे जावं, आणि जो हो म्हणेल त्याला भोगीच्या दिवशीच्या बैठकीचं आमंत्रण द्यावं, असं ठरलं. इतकी साधी युक्ती माझ्या डोक्यातून निघाली याचा मला स्टेशनपासून त्यांच्या घरापर्यंत अभिमान वाटत होता.

परतीच्या गाडीत नत्थुजी खुशीत होते. म्हणाले, देशमुख कबूल झाले. मी खिडकीबाहेर बघू लागलो. कुरुम स्टेशन मागं पडलं. मग सांगितलं की किसनरावही कबूल झाले. नत्थुजींनी पगडी काढून मांडीवर ठेवली आणि बडनेरा येईपर्यंत तिच्याकडे बघत बसले.

त्यांना आता नाही म्हणून कळवणार कोण? नाही म्हटलं तर तो घराण्याचा अपमान. बद्रुद्दीन शेठ म्हणाले, फिकीर करू नका, बडी माणसं गाडी पकडतच नाहीत, दोघांतून एक राहीलच. आम्ही त्यांच्या बोलण्यावर विसंबलो, कारण विसंबायला दुसरं काही नव्हतं.

भोगीच्या दिवशी दोघंही एकाच गाडीनं आले. एकाच डब्यातून उतरले, एकमेकांकडे पाठ करून.

बैठक नव्या चाळीच्याच ओट्यावर होती. सतरंजी अंथरली होती, मागं बारा बंद दारं, पुढं अंगणात झोपड्यांतली सगळी माणसं येऊन बसलेली. पार्बताबाई अगदी ओट्याच्या कडेशी, तिच्यामागे शालिकराम. सतरंजीवर एका टोकाला खुशालराव, दुसऱ्या टोकाला किसनराव, मध्ये आम्ही सहा पंच आणि चांदीच्या तबकात विडा. एकच. आशाबाई म्हणत होती, दोन-चार करून देते, असू द्या. नत्थुजी म्हणाले, जागा एक तर विडा एक. विडा मात्र तिनं असा केला होता की लांबूनही वास यावा. जायपत्री, वेलदोडा, गुलकंद, वरून वर्ख आणि मध्ये लवंग टोचलेली. शेजारी नव्या पंचाला द्यायची म्हणून संत्र्यांची तिसरी टोपली.

नत्थुजींनी तबक हातात घेतलं आणि मधोमध उभे राहिले. कोणाच्या बाजूला एक पाऊलही टाकता येत नव्हतं. शेवटी ते हवेकडे पाहून म्हणाले, घ्या जी.

आता विडा समोर आला की आपण हात पुढं करत नाही. आधी नको म्हणायचं, मग दुसऱ्याचं नाव पुढं करायचं, मग तिसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचा. खुशालराव हसून म्हणाले, आधी किसनरावांना द्या, ते वयानं मोठे. किसनरावांना वय काढलेलं लागलं. तेही हसून म्हणाले, छे, देशमुखीचा मान आधी, आम्ही नोकरी केलेली माणसं. खुशालराव म्हणाले, नोकरी सरकारची होती, तिचा मान मोठा. आधी हात घालील तो हपापलेला ठरणार, आणि थांबून राहील त्याला विडाच उरणार नाही. दोघांनाही हे बरोबर समजत होतं, म्हणून दोघंही आग्रह करत राहिले. इतका गोड तंटा मी जन्मात ऐकला नाही. वाऱ्यानं वर्ख उडाला. जिनाचा दुपारचा भोंगा झाला आणि अंगणातली माणसं चुळबुळू लागली. अखेर नत्थुजींनी तबक ओट्याच्या कडेला ठेवलं आणि दंड चोळत खाली बसले.

तबक पार्बताबाईच्या हनुवटीशी आलं होतं. ती त्याच्याकडे बघत होती. सकाळपासून तिनं पान खाल्लं नव्हतं, त्या दिवशी ती माझ्या ओट्यावर आलीच नव्हती.

“कोनी खातच नाई तं वाया कायले जाऊ देता,” ती म्हणाली, लवंग काढून पदराला पुसली, ती शालिकरामला दिली आणि विडा तोंडात टाकला.

नत्थुजींचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी विचारलं, “बाई, हे काय केलं तुमी?” पार्बताबाईचा गाल फुगलेला होता. ती गोंधळून म्हणाली, “थुकू काय?” त्यावर नत्थुजी दोन्ही हात पुढं करून म्हणाले, “नाही नाही, थुकू नका, विडा थुकत नसतात.” म्हणजे रीतीचा विषय निघाल्यावर त्यांना तेवढंच सुचलं, आणि तेवढ्यानंच सगळं झालं. ती चावत राहिली आणि आम्ही पाहत राहिलो.

मी उभा राहिलो. खरं सांगतो, मला राग आला. दोन वेळा अकोला केलं, पातोडीचा रस्सा पचवला, फलाटावर विद्यार्थ्यासमोर रांगलो, ते काय यासाठी? मी म्हणालो, हे चालणार नाही, हा विडा धरता येणार नाही. माझी अपेक्षा होती की अकोल्याचे दोन्ही पाहुणे संतापून उठतील. ते उठले नाहीत. खुशालरावांनी किसनरावांकडे पाहिलं, किसनरावांनी खुशालरावांकडे पाहिलं, आणि समोरच्याला मिळाला नाही हे दोघांच्याही ध्यानात आलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा ते एका आवाजात बोलले. म्हणाले, उत्तम झालं, बाईंचीच नेमणूक योग्य आहे.

“कलम पढा मास्तर,” बद्रुद्दीन शेठ म्हणाले. ते मघापासून मिशीत हसत होते. मी म्हणालो, कलम मला पाठ आहे. सातव्याचं अमरावतीत घर नसावं. त्यात बाई नसावी असं कुठं आहे, शेठ म्हणाले. नसेल, मी म्हणालो, पण ही बाई इथंच राहते, अमरावतीतच राहते, मग ती बाहेरची कशी?

पार्बताबाईनं विडा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला.

“अमरावतीत माहं घर असतं मास्तर,” ती म्हणाली, “तं रोज सकायी तुमच्या दारात काहून येऊन बसली असती?”

भिंती, छप्पर आणि कुलूप लागेल असं दार. खात्याचं पत्र माझ्याच खिशात होतं. पोत्याला कुलूप कुठं लागतं? मी खाली बसलो. माझी मान आपोआप खाली गेली होती, ती मी सतरंजीचे पट्टे मोजण्याच्या कामाला लावली.

नत्थुजींनी घसा साफ करून जाहीर केलं की सात पंच झाले. ठराव झाला, सहा सह्या आणि एक आंगठा. आता वाटप. नव्या पंचाचा मान म्हणून बद्रुद्दीन शेठनी जुडग्यातली पहिली किल्ली काढली आणि पार्बताबाईपुढं धरली. तिनं हात पुढं केलासुद्धा. तेवढ्यात मला कॅम्पातली जिलबी आठवली. किल्ली हातात पडली की हिच्या ताब्यात घर आलं, घर आलं की त्याच क्षणी पंचपद गेलं, आणि पंचपद गेलं की पुन्हा सहा, मग बाकीच्या अकरा दारांची कुलपं तशीच. मी झडप घालून शेठचा हात धरला. उपरणं तबकात पडलं. सगळे माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघू लागले, मग मी एका दमात सगळं समजावलं.

पार्बताबाईनं ऐकून घेतलं. तिच्या कपाळाला आठी पडली. किल्ली तिच्या हातापासून वीतभर लांब होती, लेकीला आणायच्या मूर्तिजापूरच्या गाडीचीही वेळ होत आली होती, आणि मी मध्येच कलम घेऊन उभा. मला वाटलं आता ही मला वस्तीसमोर काय काय बोलणार. ती म्हणाली, “मंग आधी त्याइले द्या. माही मांगून पाहू.”

एकेक नाव पुकारलं गेलं. प्रत्येक नावाला नत्थुजी विचारत, पंचांची हरकत? आणि पार्बताबाई इतर पाच पंचांच्या आधी म्हणे, “काई नाई, द्या.” फक्त एका गाडीवानाला तिनं अडवलं आणि बायकोला मारणार नाहीस असं सगळ्यांसमोर कबूल करून घेतलं, मगच किल्ली देऊ दिली. तसं कलम आमच्याकडे नव्हतं. नत्थुजींनी ते लिहून घ्यायला सांगितलं. अकरा दारं उघडली. माणसं आपापल्या खोलीत शिरून भिंतींना हात लावून बघत होती. मग बारावी किल्ली.

ती मी स्वतः दिली. तिनं कुलूप काढलं, दार लोटलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला आणि बराच वेळ ती बाहेर आली नाही. मी उपरण्याचं टोक नाकाला लावलं. चुन्याचा वास उग्र होता असं मी बद्रुद्दीन शेठना सांगितलं. त्यांनी आपणच घातलेल्या दाराकडे तोंड केलं आणि डोळे पुसले.

कडी निघाली तेव्हा तिनं शालिकरामला सांगितलं, मूर्तिजापूरची गाडी धर, लेकीले घेऊन ये. शालिकराम म्हणाला, “जातो.” त्याचा आवाज बारीक निघाला.

अकोल्याचे पाहुणे निघाले. संत्री न्या म्हटलं तर खुशालराव म्हणाले, किसनरावांना द्या. किसनराव म्हणाले, देशमुखांना द्या. टोपली जागच्या जागी राहिली. ते गेल्यावर नत्थुजी माझ्याकडे वळले. म्हणाले, वामनराव, आपण पुन्हा सहाच राहिलो, आणि उद्या संक्रांत. अकोल्याची गाडी किती वाजता आहे?

पार्बताबाई किल्ली पदराच्या टोकाला बांधत होती. तिनं वर पाहिलं आणि चाळीच्या मागं हात केला. तिथं त्या झोपड्या जशाच्या तशा होत्या, बाराच रिकाम्या झालेल्या, आणि चुलींचा धूर वर चढत होता.

“अकोल्याले कायले जाता मास्तर,” ती म्हणाली. “घर नसनारे मांगं लय पडले हाये.”

मी नत्थुजींकडे पाहिलं. ते पगडी सारखी करत होते. मी टोपली उचलली, बूड नीट आहे ना ते बघितलं आणि चाळीच्या मागं निघालो.